तुळजाजीचे एकशे त्रेचाळीस

फिल्टर-कापीचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच खिशातला फोन थरथरला, आणि सीतारामरावांना कळलं की आपला थोरला भाऊ पुन्हा एकदा बाद झाला आहे. भाऊ जाऊन चौदा वर्षं झाली होती. वेण्णार क्रिकेट क्लबाच्या सेक्रेटरीनं, सुरेंद्रनं, काल व्हॉट्सॲपवर मतदान लावलं होतं: आपल्या जिल्ह्याचा आजवरचा सर्वांत मोठा फलंदाज कोण? नावं दोनच. तुळजाजी आणि कल्याणराम. दोनशे अकरा जणांनी फोनवर बोट टेकवलं होतं आणि त्यांतली एकशे अठ्ठ्याऐंशी बोटं कल्याणरामवर पडली होती. उरलेल्या तेवीस जणांनी तुळजाजीला मत दिलं ते, सीतारामरावांची खात्री होती, बसमध्ये म्हाताऱ्याला उठून जागा द्यावी तसं. तुळजाजीला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेला माणूस त्या सगळ्या गटात एकच होता, आणि त्यानं मत दिलेलं नव्हतं. त्या माणसानं टंबलर खाली ठेवला. कापी आज पाणचट होती. कालही असेल, काल लक्षात आलं नव्हतं.

तुच्छता ही सीतारामरावांना शहात्तराव्या वर्षी जुन्या शालीसारखी अंगाला बसली होती. पांघरली की ऊब यायची. कोपऱ्यावरच्या कापीच्या दुकानापुढे चार पेन्शनर रोज सकाळी बसायचे, ब्रॅडमनला उचलून आजच्या मैदानावर ठेवायचे, कोहलीला उचलून एकोणीसशे तीस सालात टाकायचे, आणि मधल्या मध्ये गावसकर आणि सचिन यांना दोन पारड्यांत बसवून काटा कुठे झुकतो ते बघत बसायचे. सीतारामराव उभे राहून ऐकायचे, बसायचे नाहीत. माणूस म्हणजे काय कुंडीतलं रोप, की या ओसरीवरून उचललं आणि त्या ओसरीवर ठेवलं? आणि उचलणारे कोण, तर ज्यांनी जन्मात टेनिसच्या चेंडूपलीकडे काही अंगावर घेतलं नाही. उंटावर बसून शेळ्या हाकणारे. बरं, ज्यांच्यासाठी एवढी हाकाहाक, ते आजचे फलंदाज तरी काय मोठे? डोक्याला पितळी कळशीएवढं हेल्मेट, हातात केळीच्या खुंटाएवढी बॅट, आणि सीमारेषा म्हणाल तर नव्या सुनेसारखी अंग चोरत आत आत सरकत आलेली. चेंडू चार बोटं जास्त उसळला की हे वाकून खेळपट्टीला थोपटणार, पंचाकडे बघून मान हलवणार. नाचता येईना, अंगण वाकडं. आमच्या वेळी अंगण खरंच वाकडं होतं, सीतारामराव म्हणायचे, आणि माझा तुळजाजीअण्णा त्यावर नाचला. चोपन्न वर्षं म्हणत आले होते. आणि दर वेळी म्हणून झालं की जिभेखाली काथ्याचा बारीकसा धागा अडकल्यासारखं व्हायचं. जिभेनं कितीही चाचपला तरी सापडायचा नाही.

"कोण जिंकलें?" ताराबाईंनी विचारलं. तुळजाजीची बायको, ऐंशीची. मांडीवर सूप घेऊन ती कीरैच्या भाजीची पानं खुडत बसली होती. मान वर केली नाही.

"कल्याणराम."

"कोणाचा तो?"

"व्यंकोजीचा नातू. तो टीव्हीवर येतो, उन्हाळ्यात. पिवळा अंगरखा घालून."

"पिवळा शोभतो त्या घरच्यांना. सगळे गोरे." तिनं एक किडलेलं पान बाजूला टाकलं. "मग आतां काय, नांव त्याचें लागणार?"

"नाव माझ्या कागदावर लागणार, वैनी. लोकांनी खुशाल बोटं टेकवावी. कमिटीनं ठरवलंय, दोघांना बघितलेला मी एकटा, तेव्हा मी लिहीन ते नाव मैदानाच्या नव्या गॅलरीवर. आज नऊ वाजता मैदानावर कागद द्यायचा."

"मग एवढा कां फणफणतोस सकाळपासून? तुझ्याच हातांत आहे की."

हातात आहे, हेच तर. ताराबाई आपल्याच तंद्रीत बोलत राहिली. "मला त्या खेळांतलें कधीं कांहीं कळलें नाही. पण वाट बघावी ती त्यांनींच. बसची बघायचे, कापीची बघायचे. मी पापनाशमला आईकडे गेलें कीं आई महिना महिना धाडायची नाही. एक पत्र नाही लिहिलें माणसानें. मी दारांत आलें कीं म्हणायचे, आलीस काय. जसें कांहीं आत्तांच मीठ आणायला गेलें होतें." ती हसली. सीतारामरावांना त्या हसण्याचा राग आला. क्रिकेटबद्दल बोलत होतो, आणि हिनं बस काढली, मीठ काढलं. त्यांनी खिशातला कागद चाचपला. त्यावर त्यांनी सुबक इंग्रजीत तीन परिच्छेद लिहिले होते. कल्याणराम हा चेंडू उचलून लांब टाकण्यात वाकबगार आहे, बंदरावरचे हमालही असतात, असं एक वाक्य त्यांना विशेष साधलं होतं.

मैदान वेण्णार नदीच्या काठी, घरापासून वीस मिनिटं चालत. सांबा हंगामाचं भात कापून झालं होतं. अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलं होतं आणि मोपेडी त्यावरूनच फरफरत जात होत्या. पायाखाली दाणे चुरचुरले आणि सीतारामरावांच्या ओठांवर आपोआप आकडे आले, दुसऱ्या कोणाच्या ओठांवर स्तोत्र यावं तसे. एकोणीसशे एकाहत्तर, मार्गळी महिना. मद्रासहून आलेला संघ, त्यांच्याकडे तीन जलद गोलंदाज, आपल्याकडे काथ्याची चटई. उपाहारापूर्वी बारा धावांत तीन बाद. तुळजाजी सात धावांवर खेळतोय. उपाहारानंतर तुळजाजी नाबाद एकशे त्रेचाळीस. त्याच्या जोडीला एकामागून एक आलेले सात जण, सातांचे मिळून एकोणीस. सात नालायक. त्या सातांतला शेवटचा सीताराम, वय बावीस, शून्य. हा आकडा ते कधी गाळत नसत. आपली नालायकी सांगितली की अण्णाची उंची आपोआप वाढते हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

चटईचं काम सीतारामचं असे. आता कोणाला सांगून कळायचं नाही. माती चोपून लाटून तुळतुळीत केलेली, तिच्यावर बावीस यार्ड काथ्याची चटई. दोन्ही कडांना चार-चार हातांवर लोखंडी खिळे. चार जणांनी टोकाचा बांबू धरून मागे रेलायचं, एकानं हातोडा घेऊन खिळे ठोकत यायचं. ताठ ओढली तर चेंडू ठिणगीसारखा उडतो. उन्हात ती सैलावते, म्हणून उपाहाराच्या सुट्टीत खिळे पुन्हा ठोकून ताठ करायची असा नियमच. त्या दिवशी सगळे केळीच्या पानावर दही-भात कालवत बसले होते आणि सीताराम हातोडा घेऊन निघाला होता, तेव्हा तुळजाजी हात धुवायच्या निमित्तानं त्याच्या जवळून गेला. छातीवर दोन चेंडू बसलेले, सदऱ्याखाली काळंनिळं झालेलं असणार. तो थांबला नाही, त्याच्याकडे पाहिलं नाही. नुसता गुणगुणत गेला. आई तांदूळ दळताना म्हणायची ती ओवी:

जड झालं जातं । सैल करा खीळ ।
भावाची ती वेळ । जेवायाची ॥

मैदानावर तमिळ सगळ्यांना येत होतं, इंग्रजी निम्म्यांना. मराठी त्या दोघांनाच. सीताराम चटईपाशी गेला. फलंदाजाच्या टोकाकडून तिसरा आणि चौथा, जिथं चेंडूचा टप्पा पडतो तिथले, दोन्ही कडांचे मिळून चार खिळे त्यानं बोटाच्या पेराएवढे वर ठेवले, आणि वर काथ्याचा पुंजका ओढून घेतला. अण्णानं तोंडानं कधी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. ओवीला कोण नाही म्हणणार? पुढं सहा वर्षं, जेव्हा जेव्हा समोर कोणी वेगवान असे, तेव्हा उपाहाराला आईचं जातं जड व्हायचं. आणि त्या एकशे त्रेचाळीसच्या जोरावर अण्णाला मद्रासला बोलावणं आलं, हिरव्यागार गवताच्या खेळपट्टीवर चाचणी सामन्यासाठी. चार आणि शून्य. परत आला तो पॅसेंजरनं, हातात बॅट आणि कुंभकोणमच्या विड्याच्या पानांची पुडी. "चेंडू लवकर येतो रे तिथं," एवढंच म्हणाला, आणि पानाला चुना लावत बसला. त्या चुन्याच्या बोटाकडे बघताना बावीस वर्षांच्या सीतारामच्या मनात जे पहिल्यांदा वर आलं त्याला त्यानं नाव दिलं नाही. पण ते सगळ्यांत आधी तुळजाजीवर बसलं होतं, मग हातोडा धरणाऱ्या स्वतःवर, आणि मग तिथं फार काळ बसवेना म्हणून उठून जगातल्या बाकीच्या फलंदाजांवर जाऊन बसलं. कोपऱ्यावरचे पेन्शनर बिचारे उगाच बोलणी खात होते. अंगण वाकडं म्हणणारे निदान वाकड्या अंगणात नाचतात तरी. अण्णानं अंगणच सरळ करून घेतलं होतं, आणि फावडं धाकट्याच्या हातात.

मैदानावर सुरेंद्रनं माळ्यावरून जुनी चटई काढून पसरली होती. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, वास मात्र तोच, ओल्या नारळाच्या सालीचा. "या मामा, या," सुरेंद्र म्हणाला. पन्नाशीचा गडी, सदा घामेजलेला. "आमचा प्लॅन ऐका. कल्याणराम जुन्या चटईवर खेळणार, मी व्हिडिओ काढणार, शेवटी तुम्ही कागद वाचणार. जुना काळ, नवा काळ, एका फ्रेममध्ये. नुसती धमाल."

"आणि त्याच्या बरगड्या मोडल्या म्हणजे?"

"हेल्मेट आहे की."

"बरगड्यांना हेल्मेट निघालंय? तेवढंच राहिलं होतं."

कल्याणराम पॅड बांधून एका गुडघ्यावर बसला होता. सव्वीस वर्षांचा, दंडावर गोंदण, कानात बारीक खडा. उठून त्यानं वाकून पायांना हात लावला. तेही सीतारामरावांना आवडलं नाही; दुकानात शिकवतात तसं वाटलं. "मामा, मराठी मला समजतें सगळें. बोलायला लाज वाटते," तो तमिळ हेलात म्हणाला. "हें ओढायचें कसें तें दाखवा. हे लोक नुसतें खेचतात."

सीतारामरावांनी हातोडा मागितला. चौघांना बांबूवर रेलायला लावलं, आणि गुडघे करकरत असताना खिळ्यामागून खिळा असा ठोकला की प्रत्येकाचं डोकं काथ्यात बुडालं. तिसरा. चौथा. उलट्या बाजूचा तिसरा, चौथा. जन्मात अण्णासाठी ओढली नव्हती तेवढी ताठ. शेवटी बोटानं टिचकी मारली तर मृदंगासारखी वाजली. उठताना त्यांना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि अंधारीतही बरं वाटलं. आता कळेल. दोनशे अकरा बोटांना कळेल.

कार्तिक नावाचा क्लबातला उंच पोरगा गोलंदाजीला होता. त्याचा पहिला चेंडू टप्पा पडून कल्याणरामच्या बरगडीत शिरला. आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आला. बाजूची मंडळी हळहळली. सीतारामराव हळहळले नाहीत. दुसरा हेल्मेटवरून गेला, तिसरा हातमोज्यावर. सुरेंद्र व्हिडिओ थांबवू का म्हणून बघू लागला. पण कल्याणराम खेळपट्टीला थोपटायला वाकला नाही. ज्याच्याकडे बघून मान हलवावी असा पंचही नव्हता. त्यानं नुसतं पाऊल अर्धी वीत मागं घेतलं. चौथा चेंडू त्यानं छातीपाशी, नाकाखाली, मेलेल्या पाखरासारखा पायांशी पाडला. पाचवा तसाच. सहावा मनगटाच्या एका वळणानं मागं, जिथं क्षेत्ररक्षक उभा असायला हवा होता तिथून, गवतात. पुढच्या दहा चेंडूंत तो एकदाही चुकला नाही, आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. सीतारामराव शाल चाचपावी तसे आपली तुच्छता चाचपू लागले. ती होती, पण तिला कुठं तरी मोठं भोक पडलं होतं आणि वारा थेट आत येत होता. या ताठ चटईवर अण्णा किती टिकला असता? उपाहारापूर्वी सात. ते तर त्यांना पाठच होतं.

कल्याणराम बरगडी दाबत त्यांच्यापाशी आला. सुरेंद्र फोन घेऊन मागोमाग. "मामा," कल्याणराम म्हणाला, "तुळजाजींच्या वेळीं एवढीच ताठ असायची कां?"

त्यात खोच नव्हती. असती तर सोपं गेलं असतं. सुरेंद्रनंच परस्पर उत्तर दिलं, "एवढी? याहून ताठ असेल. काय मामा? ते लोक वेगळेच होते." आणि फोन सीतारामरावांच्या तोंडासमोर धरला. एक हो, किंवा नुसती मान. कागद खिशात तयार होता. सीतारामरावांनी सुरेंद्रच्या घामेजल्या, उत्सुक तोंडाकडे पाहिलं, आणि याला खोटं सांगण्यासाठीसुद्धा आपण तोंड उघडावं याची त्यांना शिसारी आली. ते वळले. चटईच्या टोकाकडून मोजत गेले. एक, दोन, तिसऱ्यापाशी बसले, हातोड्याचं मागचं टोक काथ्यात खुपसलं आणि खिळा उपटला. मग चौथा. मग पलीकडचे दोन. चटईनं बसलेली गाय उसासते तसा श्वास सोडला आणि मधोमध मऊ पडली.

"आता तुळजाजीची झाली," ते म्हणाले. "खेळ आता."

कोणाला काही समजलं नाही, समजून घ्यायला कोणी थांबलंही नाही. कार्तिक धावत आला, तोच वेग, तोच टप्पा. चेंडू पडला, आणि चटईच्या मऊ पोटात क्षणभर रुतल्यासारखा होऊन, पाहुणा उंबऱ्यावर रेंगाळावा तसा वर आला. कल्याणरामची बॅट तोवर जाऊन आली होती. चेंडू तिच्या पुढं गेलेल्या पात्याला हलकेच लागला आणि वर उडून सावकाश कार्तिकच्या ओंजळीत गेला. लोक हसले. कल्याणरामही हसला. "परत," तो म्हणाला. परत तेच. बॅट आधी, चेंडू मागून, ओंजळ. तिसऱ्यांदा त्यानं दात आवळून बॅट हळू आणली, तरी ती लवकरच आली, आणि मधली दांडी उडाली.

सीतारामरावांच्या मुठीत चार खिळे होते. कार्तिकची ओंजळ त्यांना ओळखीची वाटत होती. एकाहत्तर साली मद्रासच्या एका डावऱ्या गोलंदाजाची ओंजळ अशीच, पोटापाशी, अजिबात घाई नसलेली. अकराव्या क्रमांकाचा सीताराम तिथं उभा होता, त्याची बॅट फिरून झाली होती आणि चेंडू अजून यायचा होता. तो यायचाच होता, इतका वेळ यायचाच होता, आणि पलीकडच्या टोकाला अण्णा बॅटवर रेलून त्याच्याकडे बघत होता, रागानं नाही, वाईट वाटूनही नाही. सातांचे मिळून एकोणीस. त्याच चटईवर. सीतारामनं स्वतः सैल केलेल्या, त्याच चार खिळ्यांच्या चटईवर. चोपन्न वर्षं हा आकडा त्यांनी लोकांच्या तोंडावर फेकला होता आणि एकदाही उलटा करून पाहिला नव्हता. सात जण नालायक होते असं म्हणणं सोपं होतं. अण्णा लबाड होता असं मनात ठेवणंही सोपं होतं. सैल चटईवर चेंडू येत नाही, त्याची वाट बघावी लागते, आणि वाट बघणं त्या मैदानावर एकालाच येत होतं, हे घरी सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई, जिला खेळातलं काही कळत नव्हतं, आज सकाळी सांगून मोकळी झाली होती. लबाड तर तो होताच. सीतारामराव त्याला तेवढं माफ करायला तयार नव्हते. पण लबाडीचे एकशे त्रेचाळीस कसे मोजायचे हे त्यांना आता कळेना, आणि न कळण्याची त्यांना सवय नव्हती.

"मामा, कागद?" सुरेंद्र म्हणाला. "ऊन चढतंय. अण्णांचं नाव ना? वाचून टाका, मी मघाचा सैल चटईचा भाग कापून टाकतो. बरा दिसणार नाही."

"कापू नकोस." सीतारामरावांनी कागद काढला, हमालांच्या वाक्यापर्यंत नजर गेली, आणि त्यांनी तो चार घड्या करून परत खिशात घातला. "नाव अण्णाचं लाव. आणि खाली लिही, चटई सैल होती. भावानं केली होती."

"अय्यो, हे कशाला मामा? कोणाला काय कळतंय आता."

"कोणाला कळत नाही म्हणूनच लिही. आणि जमत नसेल तर त्या दोनशे अकरांच्या नावानं बांध गॅलरी. बसतील तिच्यात एकमेकांकडे बघत."

सुरेंद्रचं तोंड पडलं. सीतारामराव पुन्हा खिळे ठोकायला म्हणून वाकले, आणि वाकताना त्यांच्याही नकळत नाकातून सूर निघाला, जड झालं जातं, सैल करा खीळ. पलीकडून कल्याणरामनं मान वर केली. हेल्मेटच्या जाळीमागं त्याचे डोळे बारीक झाले. आजीकडून कधी तरी कानावरून गेलेलं असावं.

"नको, मामा," तो म्हणाला, आणि लाजत लाजत, एकेक शब्द चाचपत, "खीळ ठोकूं नका. सैलच जड आहे. अजून एक टाकूं द्या."

सीतारामराव बाजूला झाले. खिळे मुठीत गरम झाले होते. कार्तिक वळला, धावत आला. चेंडू सुटला, त्या मऊ जागी पडला, आणि वर यायला निघाला. येईना. कोणीतरी हसायला तोंड उघडून तसंच राहिलं. नदीकडून भाताच्या पेंढ्याचा वास आला. कल्याणरामची बॅट अजून वरच होती.